टाटा इंडिगो

टाटा इंडिगो ही टाटा मोटर्सची (त्या वेळच्या टेल्कोची) छोटी सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली मोटार. डिसेंबर २००२ मध्ये ती बाजारात आली आणि वेगवेगळ्या रूपांत २०१८ पर्यंत बनत राहिली. हॅचबॅकच्या (बाहेर आलेली डिकी नसलेल्या छोट्या गाडीच्या) किमतीत थोडी भर घातली की घरासमोर डिकीची गाडी उभी राहावी, हा तिचा हिशोब.

तिचा पाया टाटांच्याच १९९८ च्या इंडिका या हॅचबॅकचा. समोरून पाहिले तर दोघी बहिणीच. तरी इंडिकालाच मागे डिकी चिकटवली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,४०० वरून २,४५० मिमी केले होते आणि मागचे सस्पेन्शन (धक्के झेलणारी रचना) नव्याने बांधले होते. इंजिन १,४०५ सीसीचे, पेट्रोल किंवा डिझेल. २००४ मध्ये मरिना ही स्टेशन वॅगन आली. आपल्याकडे वॅगन फारशी रुजत नाही, तीही रुजली नाही. २००७ च्या एक्सएलमध्ये चाकांमधले अंतर २०० मिमीने वाढवले. ही गाडी स्वतः चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्यासाठी.

खरी गंमत सीएस (कॉम्पॅक्ट सेडान) या रूपाची. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्के झाले. छोटी कोणती? लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० पर्यंत. मूळ इंडिगो ४,१५० मिमी लांब, म्हणजे सवलतीबाहेर. जानेवारी २००८ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत, सगळ्यांचे डोळे नॅनोवर असताना, टाटांनी ३,९८८ मिमीची इंडिगो सीएस पुढे आणली. डिझेल इंजिन नियमात बसतच होते. पेट्रोलसाठी १,१९३ सीसीचे बसवले. कापले ते वीतभरही नाही, आणि सगळे डिकीतून. बाजूने पाहिले की छताची रेघ नेहमीसारखी उतरत येते आणि काचेखाली डिकी सुरू होते न होते तोच संपते. देखणी म्हणवत नाही, पण ४ मीटरच्या या सवलतीसाठी बेतलेली भारतातली ही पहिली सेडान.

पुढे टाटांनीच उलटी वाट धरली. २००९ ची इंडिगो मांझा पुण्याजवळच्या रांजणगावात, फियाटबरोबरच्या भागीदारीतल्या कारखान्यात बने. फियाटच्या घराण्यातले १.३ लिटर डिझेल इंजिन, आत ऐसपैस जागा, लांबी ४.४ मीटर. सवलत अर्थातच गेली. इतर कंपन्यांनी मात्र सीएसचा धडा गिरवला: २०१२ मध्ये मारुतीने स्विफ्ट डिझायर ३,९९५ मिमीवर आणली, २०१३ मध्ये होंडाची अमेझ आली. मग २०१४ च्या झेस्ट या नव्या सेडानपासून टाटाही ४ मीटरच्या आत परतले.

सीएसचीच सुधारित आवृत्ती ईसीएस. तिची शेवटची वर्षे बरीचशी टॅक्सीवाल्यांच्या हाती गेली. तोवर, २०१७ मध्ये, टाटांचीच ३,९९२ मिमीची सेडान टिगोर आली होती. तिची डिकी मात्र मागून कापलेली वाटत नाही. छत तिच्यापर्यंत मुद्दाम उतरत नेले आहे.