आकाशातला की उद्यमबागेतला?

"बघा की ओ सर, वरनं पडलाय म्हणत्यात. लाखात जातंय काय?"

खानापूरकडच्या शेतकऱ्यानं टेबलावर ठेवलेला दगड मुठीएवढा, काळा आणि चांगलाच जड होता. नांगराला लागून वर आलेला. भिंगाखाली धरला, तर एका कडेला तिळाएवढी भोकंच भोकं. अशनीत, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उल्केत, अशी बुडबुड्यांची भोकं सहसा नसतात. ती असतात भट्टीच्या मळीत. आपल्याकडे जुन्या लोहभट्ट्यांचा मंडूर आहे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचा स्लॅग आहे, जांभ्यातल्या लोहगाठीही आहेत. सगळे अशनीचं सोंग छान वठवतात.

ताज्या अशनीवर जळकी काळी साल असते, जेमतेम मिलिमीटरभर. कधी कणकेत अंगठा दाबल्यासारखे खळगे. टवका उडाला असेल तर आत सिमेंटसारखा करडा रंग आणि लोखंडाचे चमकते कण. हे लोखंडच आपल्या पावसात टिकत नाही. ज्या हवेनं बेसाल्टचा जांभा करून टाकला, ती अशनीला कशी सोडेल? म्हणून जुने अशनी सहारात आणि अंटार्क्टिकात मिळतात. आपल्या शिवारात खरा मिळायचा तर बहुधा नुकताच पडलेला. धारवाडच्या नावानं यादीत असलेला अशनीही १८४८ साली पडताना पाहिलेलाच.

लोकांचा हात आधी लोहचुंबकाकडे जातो. तेवढं टाळा. मंगळाच्या प्राचीन चुंबकत्वाची नोंद तिथून आलेल्या 'ब्लॅक ब्युटी' या अशनीत होती. हाताळणाऱ्यांच्या चुंबकांनी ती पुसली गेली.

आता पैशाचं. नायजरमध्ये सापडलेला २४.६७ किलोचा मंगळाचा दगड जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ५३ लाख डॉलरला गेला आणि मागोमाग नायजर सरकारनं चौकशी लावली. पण नाव-गाव नसलेल्या दगडाला बाजारातही फारशी किंमत नाही. अधिकृत नाव हवं तर २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, जे कमी असेल ते, संशोधन संस्थेकडे कायमचं ठेवावं लागतं. म्हणजे विकायचा म्हटलं तरी आधी थोडा जपावाच लागतो. ताजा पडलेला तर मी अजिबात विकू देणार नाही: जागेचा फोटो, कोरडी स्वच्छ पिशवी आणि थेट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. देशाचा अशनीसंग्रह त्यांच्याकडे, कोलकात्याला आहे.

हे सगळं ऐकून पाहुण्यानं दगड परत पिशवीत टाकला. "असू दे की ओ, गोठ्याच्या दाराला टेकण हुतंय."