एमएसमधला दाह आणि अल्झायमरमधला दाह

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आणि अल्झायमर या दोन्ही आजारांत मेंदूत दाह (इन्फ्लमेशन) असतो. एवढ्या एका साम्यावरून ‘दाह आटोक्यात ठेवा, विसरभोळेपणा येणार नाही’ असा सल्ला सर्रास दिला जातो. असलं वाचलं की मला राहवत नाही.

एमएसचं गणित बहुतेकांना ठाऊक आहे. रक्तातल्या टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशी मेंदूत घुसतात, मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण ओरबाडतात. त्यांना आवरलं की आजाराचे झटके, म्हणजे लक्षणं अचानक उफाळून येणं, कमी होतात. १९९३ साली इंटरफेरॉन बीटा हे औषध आलं तेव्हापासून उपचार याच वाटेने गेले. दोन्ही आजार सुरू होण्याचं वय, त्यांची लक्षणं वेगळी असतात, पण गोंधळ तिथे होत नाही.

गोंधळ होतो तो दाह कोण घडवतं यावर. अल्झायमरमध्ये मुख्य पेशी मेंदूच्या स्वतःच्याच असतात: मायक्रोग्लिया. मेलेल्या पेशींचे अवशेष उचलणं, अमायलॉइड या प्रथिनाच्या मेंदूत साचणाऱ्या गाठींना वेढा घालून त्यांचा पसरलेला भाग आवळून धरणं हे त्यांचं रोजचं काम. टीआरईएम-२ हा जनुक त्यांना या कामाला लावतो. २०१३ मध्ये दिसून आलं की या जनुकाचा एक दुर्मीळ, दुबळा प्रकार ज्यांच्यात आहे त्यांना अल्झायमरचा धोका दुप्पट ते चौपट असतो. दाह हाच गुन्हेगार असता तर मायक्रोग्लिया सुस्त असलेली माणसं सुरक्षित राहायला हवी होती. घडतं नेमकं उलट! अर्थात याच पेशी वर्षानुवर्षं चेतलेल्या राहिल्या तर चेतापेशींमधले जोड गिळू लागतात, तेही तितकंच खरं. म्हणून ‘दाह वाईट की चांगला’ हा प्रश्नच मला निरुपयोगी वाटतो. कुठल्या पेशी, आजाराच्या कुठल्या टप्प्यावर, हे विचारावं.

संधिवातासाठी वर्षानुवर्षं दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असं काही पाहण्यांत आढळलं होतं. मग अडीच हजारांहून अधिक वृद्धांवर नॅप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक गोळ्यांची रीतसर चाचणी झाली. हृदयाच्या धोक्याच्या शंकेने २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या पाठपुराव्यातही स्मृतीला संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. तरी या गोळ्या ‘मेंदूसाठी’ सुचवल्या जातात, याचा मला खरोखर राग येतो. पोटातला रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचं नुकसान हे त्यांचे धोके म्हातारपणी आणखी वाढतात.

एमएस पुढे सरकून सतत बळावत जाण्याच्या टप्प्यावर पोचला की तिथेही दाह बराचसा मेंदूतच मुरतो, मायक्रोग्लियांच्या हाती जातो. झटके थोपवणारी बहुतेक औषधं त्या टप्प्यावर फारशी चालत नाहीत.