व्हेरिलॉग, व्हीएचडीएल आणि चिपमध्ये न उतरणारा कोड

व्हेरिलॉग, म्हणजे चिपचं सर्किट कोडमध्ये मांडायची भाषा, नव्याने शिकणारा हमखास एका ठिकाणी अडकतो. कोडमध्ये '#10' लिहिलं की सिम्युलेटर (ते सर्किट संगणकावरच चालवून पाहणारं सॉफ्टवेअर) दहा एकक वेळ थांबतो, सिग्नलचा आलेख म्हणजे वेव्हफॉर्म हवा तसा दिसतो. तोच कोड एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर, चढवला की ती दहा एककं गायब! कोडचं सर्किट करून देणारं सिंथेसिस टूल फार तर एक वॉर्निंग देऊन पुढे सरकतं. दोष टूलचा नाही. व्हेरिलॉग काय किंवा तशीच दुसरी भाषा व्हीएचडीएल काय, या भाषा मुळात सर्किट घडवण्यासाठी जन्मल्याच नव्हत्या.

व्हीएचडीएलचं मूळ तर सरकारी गरजेत आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने 1980 च्या सुमारास वेगवान चिप्ससाठी व्हीएचएसआयसी कार्यक्रम हाती घेतला. कंत्राटदार अनेक, प्रत्येकाची मांडणी वेगळी; उद्या चिप कालबाह्य झाली तर ती नेमकं काय करत होती, हे तरी कळायला हवं. 1983 मध्ये इंटरमेट्रिक्स, आयबीएम आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांना भाषेचं काम मिळालं आणि 1987 मध्ये अभियंत्यांच्या आयईईई या संघटनेचं 1076 हे मानक आलं. वळण याच खात्याच्या काटेकोर एडा भाषेचं, म्हणून डेटाचा टाइप (प्रकार) जुळला नाही की कंपायलर अडून बसतो.

व्हेरिलॉग मात्र बाजारातलं अपत्य. मॅसॅच्युसेट्समधल्या गेटवे डिझाइन ऑटोमेशनमध्ये 1983-84 च्या सुमारास ते आकाराला आलं, मुख्यतः फिल मूर्बी यांच्या हातून. कंपनीचे संस्थापक प्रभू गोयल हे आयआयटी कानपूरचे. त्याआधी आयबीएममध्ये असताना चिप-चाचणीचा पोडेम अल्गोरिदम त्यांनी दिला होता. गेटवे विकत होती सिम्युलेटर, भाषा त्याच्या सोबतीला.

खरी कलाटणी दिली सिनॉप्सिसने. 1986 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या टूलने कोडवरून थेट लॉजिक गेट्सचं जाळं काढून दाखवलं; पण भाषेचा जेवढा भाग हार्डवेअरमध्ये बसतो तेवढाच घेऊन. बाकीचा टेस्टबेंचपुरता, म्हणजे सिम्युलेटरमध्ये सर्किट तपासणाऱ्या कोडपुरता, उरला. '#10' त्यातलंच.

पुढे केडन्स या चिप-डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपनीने गेटवे विकत घेतली आणि व्हीएचडीएल सर्वांना खुलं असल्याने 1990 मध्ये व्हेरिलॉगही खुलं करावं लागलं. ते आयईईई मानक झालं 1995 मध्ये. 2005 मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती सिस्टिमव्हेरिलॉग आयईईई मानक झाली, 2009 मध्ये मूळ व्हेरिलॉग त्यातच विलीन झालं. तरी सिंथेसिस होणारं आणि न होणारं एकाच फाइलमध्ये नांदतंच आहे.

यातून वाट काढायचे प्रयत्नही झाले. बर्कली विद्यापीठाची चिझेल ही भाषा हा त्यातलाच एक. दुसरं ब्लूस्पेक, एमआयटीतल्या अरविंद यांच्या संशोधनातून आलेलं. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर ब्लूस्पेकमध्येच लिहिलाय. गंमत अशी की ब्लूस्पेकचा कंपायलरही शेवटी व्हेरिलॉगच काढून देतो.