चेहरा पडद्यावर आहे, पण गोष्ट कोणाची?

‘सिनेमात विविधता हवी’ आणि ‘आम्हाला प्रतिनिधित्व हवं’ ही दोन वाक्यं लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात. त्यांतला फरक बघायचा तर अमेरिकन उपनगरांतले विनोदी चित्रपट लावावेत. (उपनगर म्हणजे आपलं बोरिवली-डोंबिवली नव्हे. तिथलं उपनगर म्हणजे सुटी घरं, पुढे हिरवळ, दारात दोन गाड्या.)

विविधता मोजता येते. पडद्यावर कोण कोण आहे, एवढाच तिचा प्रश्न. जॉन ह्यूजचा १९८४चा ‘सिक्स्टीन कँडल्स’ घ्या. शिकागोच्या उत्तरेकडची गोरी, खाऊनपिऊन सुखी वस्ती आणि तिथे शिकायला आलेला परदेशी पोरगा, लाँग डक डाँग. मोजणीत एक आशियाई चेहरा भरला. पण त्याचं नाव निघालं की मागून मोठ्या थाळीवर टोला पडल्यासारखा आवाज येतो, आणि प्रेक्षकांनी तिथे हसायचं असतं. भूमिका करणारा गेडे वातानाबे यूटामध्ये जन्मलेला अमेरिकन. ते तोडकंमोडकं इंग्रजी त्याला भूमिकेसाठी बोलावं लागलं.

प्रतिनिधित्व मोजून कळत नाही. गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितलीय, हे बघावं लागतं. त्यासाठी एकाच नटाचे दोन चित्रपट शेजारी ठेवू. काल पेन, मूळ नाव कल्पेन मोदी, न्यू जर्सीत जन्मलेला गुजराती. २००२च्या ‘व्हॅन वाइल्डर’मध्ये त्याच्या पात्राचं नाव होतं ताज महाल बादलंदाबाद. नावातच सगळं आलं! दोन वर्षांनी ‘हॅरॉल्ड अँड कुमार गो टू व्हाइट कॅसल’मध्ये तो कुमार पटेल झाला. बाप डॉक्टर, भाऊ डॉक्टर आणि हा मेडिकलची मुलाखत मुद्दाम घालवून आलेला. अक्कल आहे, इच्छा नाही. असा एक तरी भाचा-पुतण्या आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतो.

या चित्रपटाची सुरुवात फार हुशारीने केलीय. शुक्रवार, ऑफिस सुटायची वेळ, दोन गोरे तरुण सुट्टीचे बेत आखताहेत. आपल्याला वाटतं, हेच नायक. ते आपलं काम कोरियन वंशाच्या हॅरॉल्डच्या गळ्यात मारून निघतात, आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर जातच नाही. तो हॅरॉल्डपाशी राहतो. आकडेमोड आशियाई माणसाला आवडतेच, हा समज इथेही आहे. पण तो बाळगणारे दोघे हास्यास्पद ठरतात, ज्याच्यावर लादला तो नाही. मग हॅरॉल्ड आणि कुमारची ‘व्हाइट कॅसल’ या साखळी-हॉटेलातल्या बर्गरसाठी न्यू जर्सीभर रात्रभराची वणवण, आणि चेरी हिलला पोचल्यावर प्रत्येकी तीस बर्गर. कुमार तर त्या भुकेचा संबंध थेट आईबापांच्या स्थलांतराशी लावतो. तो विनोद त्याचा स्वतःचा आहे.

म्हणून सगळं साधलं असंही नाही. हॅरॉल्डच्या इमारतीत राहणारी मारिया लॅटिन अमेरिकी वंशाची, म्हणजे यादीत आणखी एक नाव. पण ती बहुतेक वेळ हॅरॉल्डच्या नजरेतूनच दिसते. लिफ्टमध्ये ती समोर आली की त्याची बोबडी वळते. शेवटी त्याला धीर होतो, तोही लिफ्टमध्येच, आणि तो प्रसंगही त्याचाच. मारियाला या मुलात नेमकं काय आवडलं, ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.