गाडीखालचा आडवा दांडा: स्टॅबिलायझर बार आला कुठून, आणि जाड बसवताना काय बघायचं

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. हा कल आवरायला पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो. गॅरेजात त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात, स्वे बार तोच. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर दांडा बुशांमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी कड्यांमध्ये, नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की त्याला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडवायच्या धडपडीत तो गाडी सरळ धरतो.

याचं पेटंट कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना 22 एप्रिल 1919 रोजी मिळालं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मात्र तो फारसा दिसत नसे, कारण तेव्हाच्या गाड्यांचं सस्पेन्शनच कडक होतं. 1950 नंतर स्प्रिंगा मऊ झाल्या आणि हा दांडा सर्रास आला.

तो वगळला तर काय होतं, हे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेरवरून कळतं. 1960 ची ही छोटी गाडी, इंजिन मागे. खर्च वाचवायला पुढचा बार गाळला आणि तोल टायरच्या हवेवर सोडला: पुढे 15 पौंड, मागे 26. बहुतेकांनी चारही टायरमध्ये सारखीच हवा भरली, आणि वळणावर मागची बाजू सुटू लागली. 1964 च्या मॉडेलपासून बार कायमचा बसला. अमेरिकी वकील राल्फ नेडर यांची या गाडीवरची गाजलेली टीका आली ती त्यानंतर, 1965 मध्ये. 1972 च्या अमेरिकी सरकारी अहवालाने ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नसल्याचं म्हटलं, तेही नोंदवायला हवं.

आपल्याकडे खरी गोम मारुती 800 मध्ये आहे. तिच्यात बारचं टोक थेट लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या) डोळ्यातून जातं, दोन्हीकडून रबरी बुश आणि वायसर, वरून नट. म्हणजे चाक पुढे-मागे सरकू न देण्याचं कामही हाच दांडा करतो. बुश खलास झाला की ब्रेक दाबताच चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते. अशा गाडीत वेगळ्या मापाचा बार घातला, तर कॅस्टरच, म्हणजे स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं त्याचा पुढे-मागे कल, बदलतो. नंतरच्या बहुतेक गाड्यांत लोअर आर्म स्वतःच चाक धरतो आणि बार लिंक रॉडने, म्हणजे छोट्या जोडदांडीने, जोडलेला असतो. तिथेच जाड बार निर्धास्त बसवता येतो.

जाडीचा हिशोब फसवा असतो. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 22 मिमीऐवजी 24 मिमी, म्हणजे फक्त दोन मिमी जास्त, पण कडकपणा 42 टक्के वाढला. 24 मिमीचा पोकळ बार, आतलं भोक 16 मिमी, भरीव बारच्या 80 टक्के कडक राहतो आणि वजन मात्र 56 टक्केच.

बसवताना दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत. एकच बाजू जॅकवर घेतली तर बार पिळलेला राहतो, बोल्ट सुटताना उसळतो आणि नवा बार भोकाशी जुळत नाही. लिंकचे गंजलेले नट आदल्या रात्री तेलात भिजवावेत. नट फिरवताना आतली पिन ॲलन कीने धरावी, नाहीतर बॉल जॉइंटच फिरत राहतो. डी-बुश, म्हणजे बार गाडीच्या तळाशी क्लॅम्पखाली धरणारा बुश, नव्या व्यासाचाच हवा. जुन्या 22 च्या बुशात 24 चा बार दाबून बसवला की क्लॅम्पचे कान वाकतात. पॉलियुरेथेनच्या बुशाला सिलिकॉन ग्रीस लावावं. ते नसलं की किरकिर सुरू होते, आणि साधं ग्रीस रबर फुगवतं. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच. मग स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बार ब्रेकच्या होजला किंवा ड्राइव्ह शाफ्टच्या बूटला घासत नाही ना, ते बघावं. पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्यात रबर लवकर कडक होऊन तडकतं, म्हणून दर उन्हाळ्यानंतर बुश बघणं बरं.

खडबडीत रस्त्यावर जाड बारचा तोटाही आहे: एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही जाणवतो, आणि क्लॅम्प जिथे बसतो तिथला पत्रा कमकुवत असेल तर तो फाटतो.

मागचा बार हा वेगळा विषय. 1974 च्या फोक्सवॅगन गोल्फनंतर छोट्या गाड्यांत मागे ट्विस्ट बीम, म्हणजे मागच्या दोन चाकांचे आर्म जोडणारी आडवी तुळई, रूढ झाला, आणि तो बीम स्वतःच बारसारखा पिळतो. बाजारातला मागचा बार त्याच बीमच्या दोन आर्मांमध्ये बोल्टने बसतो. पुढचा तसाच ठेवून एवढाच बदल केला तर गाडी वळणात आत चटकन शिरते, कोरड्या डांबरावर ते छान वाटतं. पण बार नवी पकड देत नाही, असलेलीच पुढच्या-मागच्या चाकांत वाटतो. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणली की हलकी मागची बाजू झटकन सुटते. रोज रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात फिरणाऱ्या गाडीला मागचा बार मूळचाच राहू द्यावा, आणि आधी चांगले टायर, शॉकॲब्सॉर्बर आणि ताजे बुश घ्यावेत.