पाइनच्या फळीवर निळे पट्टे का असतात?

तुर्भ्याच्या आमच्या वखारीत पाइन किंवा स्प्रूसच्या फळ्या निवडताना बरेच ग्राहक निळसर-करड्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारतात, "हे किडलंय का?" शंका रास्त आहे, म्हणून नीट सांगतो.

पट्टा बुरशीचा आहे. ओले ओंडके पडून राहिले तरी ती धरते, पण उभ्या झाडात ती नेतो सालीखाली राहणारा भुंगेरा. युरोपात स्प्रूसवर पडणारा भुंगेरा जेमतेम ५ मिलिमीटरचा. धडधाकट झाड राळ सोडून त्याला भोकातच बुडवतं. उन्हाळा कोरडा गेला की झाडाला राळ पुरत नाही. शिवाय उष्म्यात अंड्याचा भुंगेरा लवकर होतो. एरवी मोसमात दोन पिढ्या होतात, तिथे तिसरीही निघते. (तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला ऐन पावसाळा.) आत शिरलेले भुंगेरे गंध सोडून इतरांना बोलावतात आणि हजारोंनी तुटून पडले की निरोगी झाडही वाचत नाही. २०१८च्या दुष्काळी उन्हाळ्यानंतर जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकात हेच झालं. जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात उतारच्या उतार वाळले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाइनवरच्या भुंगेऱ्याच्या अळ्या मारणारी, उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी पडेनाशी झाली. तिथे सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला झळ बसली. एवढी झाडं मेल्याचं आम्हा लाकूडवाल्यांनाही वाईट वाटतं. उभी वाळलेली ही झाडं तडकण्या-कुजण्याआधी कापावी लागतात, म्हणून असं लाकूड बाजारात येतं.

तुमच्या घराला या भुंगेऱ्याचा धोका नाही. त्याला ताजी, ओलसर साल लागते. सोललेल्या, भट्टीत वाळवलेल्या फळीत तो जगत नाही. ओलावा २० टक्क्यांखाली असेल तर बुरशीही वाढत नाही. वजन पेलण्यात विशेष फरक पडत नाही, फक्त पट्ट्याची जागा पॉलिश जरा जास्त पिते. पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं) लाकूड वापरणार असाल तर त्यावर ‘एचटी’ शिक्का पाहा: गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवल्याची ती खूण.

आपल्याकडची वाळवी आणि घुण मात्र वेगळी. ओल येणाऱ्या भिंतीला फळी टेकवू नका, मागच्या बाजूलाही पॉलिश करून घ्या.

पट्टे नकोच असतील तर ऑर्डर देतानाच सांगा, तशा फळ्या वेगळ्या काढून ठेवू. ओलावा मीटर लावून तुमच्यासमोर दाखवू.