डॅनिश फर्निचर (विसाव्या शतकाचा मध्य)

डेन्मार्कमध्ये साधारणपणे १९४० ते १९७० या काळात घडलेल्या फर्निचरला जगाच्या बाजारात आजही मोठा मान आहे. साग, ओक, बीच या लाकडांतल्या, नक्षीकाम टाळणाऱ्या, डोळ्यांना हलक्या वाटणाऱ्या या खुर्च्या-टेबलांची ओळख बहुधा रचनाकाराच्या नावाने करून दिली जाते. ही ओळख अपुरी आहे. उत्तम डॅनिश खुर्चीमागे रचनाकार आणि सुतार अशी जोडी असे. त्यातला सुतार वगळला, तर ती खुर्ची अशी का झाली हे कळतच नाही.

या परंपरेचा पाया कोरे क्लिंट (१८८८–१९५४) यांनी घातला. कोपनहेगनच्या शाही ललित कला अकादमीत १९२४ मध्ये त्यांनी फर्निचरचा अभ्यासक्रम सुरू केला. कपाट रेखाटण्याआधी ते त्यात ठेवायच्या ताटल्यांची आणि कपड्यांची मापे घेत, आणि खुर्ची रेखाटण्याआधी माणसाच्या शरीराची. जुन्या वस्तू मोडीत न काढता त्यांतले शहाणपण उचलावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या १९३३ च्या ‘सफारी’ खुर्चीचे मूळ तर भारतात सापडते. ब्रिटिश फौजेतले अधिकारी मोहिमेवर जी सुटी होणारी खुर्ची नेत, तिला लष्करी अभियंत्यांच्या रुरकी येथील ठाण्यावरून नाव पडले होते. क्लिंट यांनी तीच आधाराला घेतली. दांडे एकमेकांत नुसते खोचायचे आणि पट्ट्यांनी आवळायचे. माणूस बसला की त्याच्या वजनाने सांधे घट्ट होतात.

त्याच सुमारास कारखान्यांच्या स्वस्त मालाने कोपनहेगनमधले सुतार अडचणीत आले होते. त्यांच्या संघाने १९२७ पासून दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली आणि लवकरच तरुण वास्तुरचनाकारांना त्यात ओढले. १९६६ पर्यंत हे प्रदर्शन चालले. कागदावरची धाडसी रेघ लाकडात उतरवता येते की नाही, याची परीक्षा तिथे सर्वांसमोर होई.

फिन यूल (१९१२–१९८९) हे वास्तुरचनाकार होते. सुतारकाम ते शिकलेले नव्हते. बैठक आणि पाठ लाकडी सांगाड्यापासून सुटी करून जणू अधांतरी ठेवायची त्यांना ओढ होती. एवढ्या बारीक सांगाड्याने माणसाचे वजन पेलावे, यासाठी लागणारे सांधे सुतार नील्स वोडर यांनी जमवून दिले. खोगिरासारखे पसरट हात असलेली ‘चीफटन’ खुर्ची (१९४९) याच जोडीची. न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातील विश्वस्त परिषदेच्या सभागृहाची अंतर्गत रचनाही यूल यांचीच आहे.

हान्स वेग्नर (१९१४–२००७) मात्र स्वतः सुतारकी शिकलेले होते. वडील चांभारकाम करत. वेग्नर यांनी पाचशेहून अधिक खुर्च्या रेखाटल्या. त्यांपैकी १९४९ ची गोल खुर्ची जवळून पाहण्याजोगी आहे. तिची पाठ आणि हात मिळून एकच अर्धगोल होतो, पण तो अनेक तुकडे जोडून बनतो. पहिल्या खुर्च्यांत हे जोड झाकण्यासाठी पाठीवर वेत गुंडाळला होता. पुढे वेग्नर यांनी वेत काढून टाकला आणि तिथे दातेरी सांधा उघडा ठेवला. आता लाकडाची नागमोडी रेघ पाठीवर स्पष्ट दिसते. लपवायची जागाच खुर्चीचे सर्वांत देखणे अंग झाली, आणि ती घडवणारे सुतार योहान्नेस हान्सेन यांच्या कार्यशाळेतल्या हातांवर विश्वास नसता तर वेग्नर यांनी हे धाडस केले नसते. १९६० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादात याच खुर्च्या मांडल्या होत्या. त्यानंतर अमेरिकेत ती नुसती ‘द चेअर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. वेग्नर यांची ‘विशबोन’ खुर्ची कार्ल हान्सेन ही कंपनी १९५० पासून आजवर बनवते आहे. तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणली जाते.

बोर्गे मोगेन्सेन (१९१४–१९७२) यांनी वेगळी वाट धरली. डॅनिश ग्राहक सहकारी संघाच्या फर्निचर विभागाचे प्रमुख असताना त्यांनी सामान्य घरांना परवडेल असे फर्निचर रचले. त्यांची १९४७ ची जे-३९ खुर्ची ‘लोकांची खुर्ची’ ठरली. हे काम संग्राहकांच्या लाडक्या शिसवी कपाटांपेक्षा मोठे मानायला हवे.

आर्ने याकॉबसेन (१९०२–१९७१) यांनी भर दिला तो कारखान्यावर. दाब देऊन वळवलेल्या प्लायवूडची ‘अँट’ (१९५२) आणि ‘सीरिज सेव्हन’ (१९५५) फ्रिट्झ हान्सेन कंपनीने मोठ्या संख्येने काढल्या. ‘एग’ आणि ‘स्वान’ या खुर्च्या एसएएस या विमान कंपनीच्या कोपनहेगनमधल्या हॉटेलसाठी होत्या. तिथली ६०६ क्रमांकाची खोली मूळ रूपात जपली आहे. पौल केअरहोल्म यांनी पोलाद, तर व्हर्नर पँटन यांनी प्लास्टिक हाताळले. नाना दित्सेल आणि ग्रेटे याल्क या रचनाकार स्त्रियांची दखल मात्र पुरुष सहकाऱ्यांइतकी घेतली गेली नाही.

या काळाची खूण ठरलेला साग डेन्मार्कमध्ये उगवत नाही. तो आग्नेय आशियातून येई. मागणी वाढली तशा बाहेर नकला निघाल्या, मजुरी चढली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ही लाट ओसरली. नव्वदच्या दशकापासून जुन्या मालाला पुन्हा मागणी आली.

जुनी खुर्ची पारखताना ती उलटी करून पाहावी. वोडर यांच्या अनेक खुर्च्यांवर लाकडात डागलेली मुद्रा आढळते, आणि तिच्यात सुतार वोडर व रचनाकार यूल अशी दोन्ही नावे असतात. अर्थात मुद्रेची नक्कल होऊ शकते. सांध्यांचे काम आणि लाकडाचे रेषे त्याहून भरवशाचे. तेल दिलेल्या सागावर चकचकीत पॉलिश चढवले असेल तर मूळ पृष्ठभाग गेला असे समजावे. ब्राझिली शिसवाच्या वस्तूंबाबत कायदाही पाहावा लागतो. १९९२ पासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे जुनी वस्तू सीमेपार नेतानाही परवान्याची कागदपत्रे लागतात.